बोंडअळीचा धर्म कोणता?

जानेवारी २०१८ मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका वैदिक संमेलनासाठी आलेले तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचे लिहून ठेवलेले नाही, सांगितलेलेही नाही, हा त्यांचा पुरावा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून तो खोडला आणि खुद्द त्यांच्या खात्याच्या मंत्र्यांनाही अशी विधाने टाळा असे सांगावे लागले. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग कायमचा गेल्याचे कळले आणि अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी जाहीर पत्रावर सह्या केल्या. दोन्ही वेळी मराठीत भांडण जुंपले ते एकाच साच्याचे. एक बाजू म्हणते, धर्माने शाळा गिळली. दुसरी म्हणते, पाश्चात्त्यांचे खूळ आमच्या लेकरांच्या माथी का मारता? या गदारोळात एक साधी गोष्ट कुणीच विचारली नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग दोनमध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा पहिलाच आहे. तो कुणी काढलेला नाही. मग मराठवाड्यातल्या शाळांत तो शिकवला जातो का, आणि कसा?

माझे म्हणणे थोडक्यात असे: जीवशास्त्राच्या शिक्षकाने काय मानावे यात कुणीही नाक खुपसू नये. तो माळकरी असो, पाच वेळा नमाज पढणारा असो की रोज त्रिशरण म्हणणारा. पण तासाला तो फळ्यापुढे उभा आहे तोवर धड्यातला पुरावा पूर्ण आणि नीट सांगणे हे त्याचे काम आहे. आणि या कामाला खरा खोडा उघड विरोधाने क्वचितच बसतो. डार्विन खोटा आहे असे वर्गात ठणकावून सांगणारे शिक्षक मोजकेच. धडा मरतो तो दोन सभ्य मार्गांनी. एक म्हणजे तो हळूच गाळला जातो, आणि दुसरा म्हणजे तो गोड करून दिला जातो.

गाळण्याची रीत ठरलेली आहे. धडा जूनमध्ये सुरू होतो. प्रतिलेखन, भाषांतरण, उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला संदेश कसा उतरतो, वाचला जातो आणि बदलतो, हा पूर्वार्ध फळ्यावर आकृत्या काढून दोन-तीन तास चालतो, कारण तिथे कुणाच्या भावनेला धक्का लागत नाही. उत्तरार्धात अवशेषांगे (शरीरात उरलेले, काम संपलेले अवयव), दोन प्राणिगटांना जोडणारे दुवे, जीवाश्म, नैसर्गिक निवड आणि शेवटी मानवाची उत्क्रांती येते. तिथे पोहोचताच गाडीचा वेग वाढतो. ‘वाचून या, स्वाध्याय लिहून आणा.’ अवशेषांगांवर टीप लिहायची तर आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढ, कानाचे स्नायू ही चार नावे गाईडमधून वहीत उतरतात. ती शरीरात का उरली, हा प्रश्न वहीत उतरत नाही. मुलाला गुण पूर्ण मिळतात. त्याच्या डोक्यात दोन उत्तरे शेजारी-शेजारी राहतात, एक पेपरातले आणि एक घरातले, आणि दोघांची कधी गाठच पडत नाही. घोकंपट्टीइतका पक्का तह धर्म आणि विज्ञान यांच्यात दुसऱ्या कुणी घडवून आणलेला नाही.

हे दुखणे फक्त आपले आहे असेही नाही. अमेरिकेत २०११ साली ‘सायन्स’ नियतकालिकात बर्कमन आणि प्लटझर यांनी तिथल्या सरकारी शाळांतल्या जीवशास्त्र शिक्षकांची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे २८ टक्के शिक्षक उत्क्रांती ठामपणे शिकवत होते, सुमारे १३ टक्के निर्मितीवादाची, म्हणजे सजीव देवाने घडवले या मताची, बाजू घेत होते आणि उरलेले जवळपास ६० टक्के अंग चोरून वेळ मारून नेत होते. अभ्यासकांनी बोट ठेवले ते या साठांवर. त्याआधीचा इतिहासही हेच सांगतो. १९२५ साली टेनेसी राज्यातल्या डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल १०० डॉलर दंड झाला. दोन वर्षांनी तो तांत्रिक कारणावरून रद्दही झाला. जगभर हसे झाले ते कायद्याचे. पण पुढची तीसेक वर्षे तिथल्या पाठ्यपुस्तकांतून उत्क्रांती हळूहळू आक्रसत गेली. प्रकाशकाला खटला नको होता, मुख्याध्यापकाला पालक नको होते. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला तेव्हा कुठे अमेरिकेला आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांची आठवण झाली. तिथे बंदीने झाले नसेल एवढे नुकसान संकोचाने केले.

आता दुसरा मार्ग, गोड करण्याचा. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन: आधी पाण्यातला जीव, मग पाण्या-जमिनीवरचा, मग जमिनीवरचा, मग अर्धा पशू अर्धा माणूस, मग बुटका माणूस. म्हणजे डार्विनने १८५९ साली सांगितले ते आमच्या पुराणांनी कधीच सांगून ठेवले होते! हे ऐकून वर्ग खूश होतो, शिक्षकालाही हायसे वाटते. २०१९ साली जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी हेच व्यासपीठावरून सांगितले. या युक्तीच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी, की तिच्यामुळे मुलाच्या मनाचे दार उघडते. ज्या घरात भागवत सप्ताह बसतो तिथल्या मुलाला डार्विन परका वाटत नाही. जे. बी. एस. हाल्डेन यांच्यासारख्या कसलेल्या उत्क्रांतिशास्त्रज्ञालाही या साम्याची गंमत वाटली होती.

पण दार उघडून मुलगा पोहोचतो कुठे? कासव उभयचर नाही, सरीसृप आहे, इथेच पहिली पायरी निसटते. परशुराम, राम आणि कृष्ण हे तिघे एकाच जातीचे सजीव, तेव्हा वामनानंतर जीवशास्त्र संपतेच. ही चूकही खपून जाईल, मुख्य घोटाळा पुढे आहे. दशावतार ही चढती शिडी आहे आणि प्रत्येक अवतार काही कार्यासाठी येतो. नैसर्गिक निवडीत शिडी नाही, फांद्या आहेत. कार्य नाही, फक्त कोण तगले आणि कुणाची पिल्ले वाढली एवढाच हिशेब आहे. मासा अर्धवट राहिलेला माणूस नव्हे, तो आपल्या फांदीच्या टोकावर आपल्याइतकाच आजचा आहे. शिडी मनात पक्की झालेला मुलगा मग विचारतो, ‘सर, माणूस माकडापासून झाला, तर आता माकडे का उरली?’ आणि सरांकडे उत्तर नसते, कारण ती शिडी त्यांनीच दिलेली असते. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या टोकाला दुर्लभ नरदेह, ही कल्पना कीर्तनात आपल्या जागी शोभते. तिला वंशवृक्षाच्या आकृतीवर आणून बसवले की आकृती बिघडते आणि कीर्तनातली कल्पनाही उद्या सापडणाऱ्या एखाद्या जीवाश्माची ओलीस होते. श्रद्धेचा यात कोणता मान राहिला?

आणि हा मोह एकट्या हिंदूंचा नाही. उर्दू माध्यमाच्या वर्गात नवव्या शतकातल्या अल-जाहिझ या अरबी लेखकाचे नाव काढून ‘हे आमच्याकडे आधीच होते’ म्हणता येते, बौद्ध घरातल्या शिक्षकाला अनित्यतेच्या तत्त्वात उत्क्रांती दिसू शकते. परभणी, नांदेड, बीड, कुठल्याही गावच्या वर्गात एका बाकावर तीन घरांची मुले बसतात. कुठलाही एक ग्रंथ पुढे केला की दोन मुले त्या धड्याबाहेर जातात. सगळ्यांच्या शिवारात सारखे असलेले उदाहरण इथे आहे, आणि ते कुठल्याही पोथीपेक्षा चांगले आहे.

गुलाबी बोंडअळी. बीटी कापूस भारतात २००२ साली आला, एका जनुकाचा. २००६ साली दोन जनुकांचा. झाडच अळीला मारणारे प्रथिन तयार करते, म्हणून बोंडअळीवरची फवारणी वाचणार होती, आणि काही वर्षे वाचलीही. २०१० च्या सुमारास गुजरातेत पहिल्या जनुकाला दाद न देणारी गुलाबी अळी नोंदवली गेली, पुढे दुसरेही निकामी होत गेले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या पऱ्हाटीत डोमकळ्याच डोमकळ्या दिसल्या. फूल न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहते, आत अळी. हे का झाले, ते बियाण्याच्या पाकिटावरूनच शिकवता येते. ४५० ग्रॅम बीटी सरकीबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकीची वेगळी पुडी येत असे. ती कडेने पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल तेवढ्यावर लावायची होती. म्हणजे अळ्यांना खायला मुद्दाम पीक! बहुतेक ठिकाणी ती पुडी बांधावर पडली. आपल्या हाताने अळी कोण पोसेल?

आता बारावीत घोकलेले हार्डी-वाइनबर्गचे समीकरण बाहेर काढा, म्हणजे जनुकाचे एखादे रूप किती विरळ आहे त्यावरून ते कितींना एका बाजूने आणि कितींना दोन्ही बाजूंनी मिळेल याचा हिशेब. जनुकाचे प्रतिकार देणारे रूप शंभरात एक, म्हणजे ०.०१ इतके विरळ आहे आणि ते अप्रभावी आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आले तरच काम करते, असे धरू. दहा हजार अळ्यांत दोन्हीकडून ते रूप मिळालेली अळी एक असेल, एकाच बाजूने मिळालेल्या १९८, बाकी ९८०१ साध्या. बीटीच्या शेतात साध्या मरतात, झाडातले विष पुरेसे असेल तर त्या १९८ ही मरतात, उरते ती एक. शेजारी बिगर-बीटीच्या ओळी असतील तर तिथून शेकडो साधे पतंग उडतात, त्या एकीचा जोडीदार जवळपास नक्की साधाच निघतो, त्यांची सगळी पिल्ले एकाच बाजूचे रूप घेऊन जन्मतात आणि पुढच्या पिढीत बीटीवर मरतात. शेजारच्या ओळी नसतील तर? उरलेल्या पतंगांची गाठ उरलेल्यांशीच पडते आणि त्यांची शंभर टक्के पिल्ले प्रतिकारक. त्यात भर फरदडीची. डिसेंबर-जानेवारीनंतरही कापूस उभा ठेवला की म्हाताऱ्या झाडात विषाचे प्रमाण घटलेले असते, मग ज्या १९८ मरायला हव्या होत्या त्याही तगतात, वर अळीला आणखी एक-दोन पिढ्यांची मुभा मिळते. हिरव्या बोंडअळीचे तेवढे फावले नाही, कारण तिला तूर आणि हरभराही चालतो. तिथे साधे पतंग आपोआप तयार होत राहतात. गुलाबी अळी कापसावाचून जवळजवळ जगतच नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनात शेतकऱ्यांनी आधी अशा ओळी इमानेइतबारे लावल्या, नंतर नपुंसक केलेले पतंग सोडले, आणि २०१८ साली तिथल्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचे जाहीर झाले. अळी तीच, बीटीचे तत्त्व तेच, फक्त निवडीचा दाब वेगळा.

धडा नीट शिकवला असता तर बोंडअळी आलीच नसती, असा दावा मी करणार नाही. तीन एकरवाल्याला २० टक्के रान अळीला सोडणे परवडत नाही आणि पुडीतल्या सरकीचा दर्जाही अनेकदा यथातथाच असे. पण त्या पुडीमागचे कारण सांगू शकणारा दहावी पास पोरगा प्रत्येक घरात होता. त्याला ते कारण कुणी दिलेच नाही.

‘कुणी पाहिले?’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आले: पाहिले, आपल्याच शेतात, पंधरा वर्षांत. यावर चलाख माणूस म्हणेल, अळीची अळीच राहिली, नवा प्राणी कुठे झाला? मुद्दा रास्त आहे. त्याला पैठणचे उत्तर द्यावे. सातवाहनांच्या काळी तिथे महाराष्ट्री प्राकृत चालत होती, आज मराठी चालते. प्राकृत बोलणाऱ्या आईच्या पोटी मराठी बोलणारे मूल जन्मल्याचे कुणी पाहिले? कुठल्याच पिढीत आईला लेकराची भाषा कळली नाही असे झाले नाही, आणि तरी दोन हजार वर्षांच्या दोन टोकांना दोन भाषा उभ्या आहेत. मराठी आणि कोंकणी एकमेकींपासून जन्मल्या नाहीत, बहिणी आहेत. माणूस आणि चिंपांझी यांचे नाते याच प्रकारचे, सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीच्या समान पूर्वजाकडून आलेले. कागदपत्र हवे असेल तर तेही पेशीत आहे. चिंपांझी-गोरिलात गुणसूत्रे ४८, माणसात ४६. माणसाचे दुसरे गुणसूत्र हे दोन गुणसूत्रे टोकाला टोक जुळून झाले आहे, आणि एरवी मुख्यतः टोकांना आढळणारा डीएनएचा क्रम त्याच्या मधोमध आजही सापडतो. दहावीचा मुलगा गुणसूत्रे नववीतच शिकलेला असतो. ही माहिती द्यायला पाच मिनिटे लागतात.

उलट बाजूच्या मंडळींशीही माझे भांडण आहे. देव मानणारा माणूस उत्क्रांती प्रामाणिकपणे शिकवूच शकत नाही, असे पुरोगामी वर्तुळात सर्रास बोलले जाते. ग्रेगॉर मेंडेल मठात राहणारा धर्मगुरू होता. उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रातल्या कशाचाच अर्थ लागत नाही, असे १९७३ साली लिहिणारा थिओडोसियस डोब्झान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन होता. आणि धर्माला हद्दपार केले की विज्ञान सुरक्षित होते म्हणावे, तर सोव्हिएत रशियात काय झाले? १९४८ साली तिथे सत्तेच्या मर्जीतल्या लायसेन्को या कृषितज्ज्ञाच्या सांगण्यावरून अनुवंशशास्त्रावर बंदी आली. त्याआधीच निकोलाय वाविलोव्हसारखा जगातल्या पिकांचे मूळ शोधणारा शास्त्रज्ञ १९४३ साली तुरुंगात मेला. तिथे ना पोथी होती ना पुरोहित. पुराव्यावर बाहेरून कुणी हुकूम चालवू लागले की वर्ग बिघडतो, मग हुकूम देणारा कुणीही असो. या धड्याची काठी करून मुलाच्या देव्हाऱ्यावर मारणारा शिक्षकही बाहेरचाच हेतू वर्गात आणतो, आणि घरी गेल्यावर मूल निवड करते ती आईची.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे. दोन हजार वस्तीच्या गावात शिक्षकाला राहायचे असते, सप्ताहाच्या पंगतीला बसायचे असते, संस्थेचे अध्यक्षच देवस्थानचे विश्वस्त असतात. त्याला शहाणपण शिकवणे आपल्याला सोपे आहे. हे मान्य. म्हणूनच धैर्याचा उपदेश न करता धड्याचा क्रम बदला, असे मी म्हणतो. माणसापासून सुरुवात करू नका. आधी उस्मानाबादी शेळी, देवणी आणि लाल कंधारी गाय घ्या. देवणीत वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे रंगाचे तीन प्रकार का टिकले, तर माणसांनी वळू निवडले म्हणून. निवडीने जात घडते हे इथे कुणालाच नाकारता येत नाही. मग बोंडअळी, म्हणजे निवडणारा माणूस नसतानाची निवड. मग औषधाला न जुमानणारा क्षयाचा जंतू. मग वंशवृक्ष. माणूस सगळ्यात शेवटी, पुरावा हातात आल्यावर.

मध्ये एक तास दाण्यांचा. मीटरभर काळे कापड, ज्वारीचे शंभर दाणे, त्यातले पन्नास काळ्या शाईत बुडवून रात्रभर वाळवलेले. चार मुलांनी चिमटीने एकेक दाणा टिपायचा, पन्नास टिपून झाले की थांबायचे. उरलेल्या प्रत्येक दाण्यामागे, बाजूला तयार ठेवलेल्या जादा दाण्यांतून, त्याच रंगाचा एक दाणा टाकायचा, पुन्हा शंभर. चार फेऱ्यांत कापडावर काळ्यांचे राज्य होते. यात फसगत तीन ठिकाणी होते. मुले तळव्याने दाणे ओढतात, मग रंगाची निवडच होत नाही. काळ्यांसाठी उडीद घेतला तर आकाराने वेगळा असल्याने निवड रंगाची की आकाराची ते कळत नाही. आणि सगळ्यात मोठी फसगत म्हणजे ‘दाणे काळे होत गेले’ असा निष्कर्ष. एकही दाणा काळा झालेला नाही, काळ्यांचे प्रमाण वाढले, हे मुलांच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय तास संपवू नये. पाचवी फेरी सगळे पांढरेच दाणे घेऊन करा. वैविध्यच नसेल तर निवड काहीच घडवू शकत नाही, हे न सांगता दिसते.

श्रद्धेच्या नावाखाली लपणारे अज्ञानही बरेच आहे, तेही बोलून टाकू. मुलगा विचारतो, डायनासोर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे कशावरून? सर म्हणतात, कार्बन डेटिंग. कार्बन-१४ चा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षे, पन्नासेक हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगे त्यात काही उरत नाही. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या गाळात हत्तीचे जीवाश्म मिळाले आहेत, तसल्या तुलनेने अलीकडच्या अवशेषांच्या वयाच्या आसपासच ती पद्धत थकते. कोट्यवधी वर्षांसाठी भोवतालच्या ज्वालामुखी खडकातला आर्गॉन किंवा झिरकॉन या खनिजातले युरेनियम-शिसे मोजतात. आपल्या पायाखालच्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचे सुमारे ६.६ कोटी वर्षे हे वय असेच निघाले. चुकीचे उत्तर एकदा पकडले गेले की हुशार मुलगा अख्खा धडाच थापा समजतो, आणि शिक्षकही पुढच्या वर्षी ते पान उलटतो. याला प्रशिक्षण लागते. श्रद्धेची चौकशी करून ते येत नाही.

आणि ‘सर, तुम्ही देव मानता का?’ हे येणारच. उत्तर लांबवू नये. ते माझे मी घरी बघतो, या तासाला तपासता येईल तेवढेच सांगतो, आणि तूही पटले का ते नको सांगू, समजले का ते सांग. उर्दू माध्यमातल्या शिक्षकालाही, आदमच्या प्रश्नावर, हीच वाट मोकळी आहे. मानणे तपासायला शाळा नाही. समजणे तपासायला आहे, आणि तिथेच आपली परीक्षा कमी पडते. लातूरच्या क्लासमध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी हाच विषय होमो हॅबिलिसच्या मेंदूचे आकारमान ६५० ते ८०० घनसेंटिमीटर, होमो इरेक्टसचे ९००, एवढ्यावर उरकतो. दहावीनंतर बहुतेकांचे जीवशास्त्रच सुटते, म्हणून ‘बारावीत आहेच की’ हे एनसीईआरटीच्या बाजूने केले जाणारे समर्थन लंगडे आहे. आपल्याकडेही सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतो आहे, तेव्हा दहावीतला हा धडा राहतो की जातो यावर डोळा ठेवायला हवा.

राहिला तर मंडळाने पुढच्या पेपरात अवशेषांगांवरची टीप वगळून मोठ्या गुणांचा हा प्रश्न घालावा: ‘बीटी सरकीच्या पाकिटात बिगर-बीटीची पुडी का देत? ती न लावल्यास अळीच्या पुढच्या पिढ्यांत काय बदल होईल? कोणत्याही एका अळीत बदल न होता हे कसे घडते?’ तिसऱ्या भागाला निम्मे गुण ठेवावेत. गाईडवाल्यांना त्याचे तयार उत्तर छापायला एक हंगाम लागेल. तो एक हंगाम तरी शिक्षकाला धडा शिकवावाच लागेल, मग त्याच्या घरी देव्हारा असो की मुसल्ला.